पडद्यावरचा लाल, लोकरीतला लाल

दर वर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे काला अंबला येतात. दिल्लीहून ग्रँड ट्रंक रोडने उत्तरेकडे साधारण नव्वद किलोमीटरवर पानिपत, आणि शहराबाहेर हे स्मारक. १७६१ च्या त्या दिवशी इथल्या लढाईत मराठ्यांच्या घराघरातला एकेक माणूस गेला, असे म्हणतात. ज्या आंब्यामुळे जागेला नाव पडले तो आता नाही, त्याच्या जागी स्तंभ आहे. या शौर्यदिनाला हरियाणातला रोड मराठा समाजही गावोगावहून येतो. माथा टेकवून झाला की मंडळी शहरात शिरतात, ती ब्लँकेट, चादर नाहीतर रग घेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. पानिपत हे घरगुती कापडाचे देशातले एक मोठे केंद्र आहे. तिथून घेतलेला रग मागावर चढण्याआधी कुणीतरी मॉनिटरवर रंगवलेला असतो, हे मात्र घेणाऱ्याच्या सहसा मनात येत नाही. या लेखाचा विषय तो मॉनिटर आहे.

पानिपतचा माल रंगावर विकला जातो आणि रंगावरच परत येतो. युरोप-अमेरिकेतले जुने लोकरी कपडे इथे गठ्ठ्यांनी उतरतात. बटणे आणि चेन काढायच्या, रंगांप्रमाणे ढीग लावायचे, कपडे फाडून त्यांचे पुन्हा सूत कातायचे. या सुताला धंद्यात शॉडी म्हणतात. ते सहसा वेगळे रंगवत नाहीत. लाल ब्लँकेटचा लाल हा लाल स्वेटरांतूनच येतो आणि ढीग लावणाऱ्या बाईच्या नजरेवर त्याची छटा ठरते. निर्यातीच्या रगांचे काम वेगळे असते. डिझायनर संगणकावर नक्षी काढतो, परदेशातला बायर ती आपल्या पडद्यावर पाहतो, पसंत पडली की डाय हाउसमध्ये सुताच्या छोट्या लडीवर रंग बसवून बघतात. हा झाला लॅब डिप. तो लाइट बॉक्समध्ये ठेवून दिवसाच्या उजेडात, दुकानातल्या ट्यूबखाली आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली तपासतात, कारण एका प्रकाशात तंतोतंत जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. एवढी काळजी घेणाऱ्या धंद्यात डिझायनरच्या टेबलावरचा मॉनिटर मात्र अनेकदा इंच आणि किंमत बघून आणलेला असतो.

मग पडद्यावर विटकरी दिसणारा लाल सुतात किरमिजी निघतो, बायरच्या पडद्यावर तो तिसराच काही दिसतो, आणि शेवटी ठपका येतो मॉनिटरवर. डीलरला फोन जातो: ‘पॅनेल खराब आहे.’ सर्व्हिस सेंटरचा माणूस येतो, पडदा लावून बघतो, चित्र उमटलेले दिसते आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. तक्रार करणारा खोटे बोलत नसतो आणि तपासणाराही. दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. माझ्या मते मॉनिटरच्या गुणवत्तेतला सर्वात दुर्लक्षित भाग हाच आहे. पॅनेलची शेवटची तपासणी कारखान्यात होत नाही, ती ग्राहकाच्या टेबलावर होते. त्या तपासणीचा अहवाल नीट लिहिला गेला आणि कारखान्यापर्यंत नीट पोचला, तरच पुढचे पॅनेल सुधारते. आज आपण वापरतो त्या पडद्यांचा इतिहास बऱ्याच अंशी अशा तक्रारींनीच घडवला आहे.

त्यासाठी आत काय असते ते आधी पाहावे लागेल. १८८८ मध्ये प्रागला काम करणाऱ्या फ्रीड्रिख रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक चमत्कारिक पदार्थ सापडला. साधारण १४५ अंशांवर तो वितळून गढूळ द्रव होई आणि १७९ अंशांच्या आसपास तो गढूळपणा एकदम निवळे. मधल्या अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहत होते, तरी स्फटिकासारखे एका दिशेने तोंड करून होते. हा द्रवस्फटिक. विजेच्या हलक्या दाबाने त्याच्या रेणूंची दिशा वळवता येते आणि दिशा वळली की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण बदलते. मॉनिटरमध्ये दोन काचांच्या मधे या द्रवाचा तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा थर असतो. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून ही जाडी समजून घ्यावी. मागे एलईडीचा बॅकलाइट, त्याचा उजेड सगळीकडे पसरवणारा ॲक्रिलिकचा पत्रा, पुढे-मागे ध्रुवीकरणाच्या फिल्म आणि पुढच्या काचेवर लाल, हिरव्या, निळ्या रंगांची बारीक जाळी. प्रत्येक रंगठिपक्यामागचा द्रवस्फटिक खिडकीच्या झडपेचे काम करतो: कमी-जास्त उघडतो, प्रकाश अडवतो किंवा सोडतो. बॅकलाइटचा जेमतेम दहावा हिस्सा, बहुतेकदा त्याहूनही कमी, आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो.

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येकात तीन रंगठिपके, म्हणजे ६२ लाखांहून अधिक झडपा, आणि प्रत्येकीला आपला स्वतंत्र ट्रान्झिस्टर. फोर-के पडद्यावर ही संख्या जवळपास अडीच कोटींवर जाते. दहा लाखांत एक ट्रान्झिस्टर बिघडला असे धरले तरी फुल एचडीच्या प्रत्येक पडद्यावर सहा ठिपके मेलेले निघतील. एवढी अचूकता माणसाने फार थोड्या वस्तूंत साधली आहे, आणि ती काही हजार रुपयांना टेबलावर येते, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पण ग्राहकाला ते साठ लाख चांगले ठिपके दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या तिळासारखा एक वाईट ठिपकाच त्याच्या डोळ्यांत भरतो.

किती ठिपके खराब चालतील याचा एक तह २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकात झाला. त्यात पडद्यांचे चार वर्ग ठरले. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. बाजारातले बहुसंख्य मॉनिटर दुसऱ्या वर्गात मोडत. त्यात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम उजळ, दोन कायम काळे आणि पाच अर्धवट बिघडलेले ठिपके माफ. २००८ मध्ये आयएसओ ९२४१ मालिकेने या मानकाची जागा घेतली, पण वर्गांची कल्पना टिकली. इथे एक गोम आहे. मूळ आकडे ठरले तेव्हा चांगला मॉनिटर १२८० गुणिले १०२४ चा, म्हणजे तेरा लाख पिक्सेलचा होता. दोन-तीन उजळ ठिपके माफ होत. हाच हिशेब फोर-केला लावला तर सोळा उजळ ठिपके असलेला पडदाही कागदोपत्री निर्दोष ठरतो. जास्त पैसे मोजणाऱ्याला जास्त दोष सोसावे लागावेत, असा हा उलटा न्याय. दुकानातल्या खोक्यावर हा वर्ग ठळक छापलेला नसतो. तो छापला जावा, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी.

ठिपका काळा की उजळ यालाही कारण असते. जुन्या टीएन जातीच्या पॅनेलमध्ये वीज नसताना झडप उघडी राहते, त्यामुळे ट्रान्झिस्टर मेला की तिथे कायमचा उजेड. आयपीएस आणि व्हीए जातींत वीज नसताना झडप बंद, म्हणून मेलेला ठिपका काळा. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारा ठिपका डोळ्यांना जास्त टोचतो, म्हणून काही कंपन्यांनी मानकाच्या पुढे जाऊन वेगळी हमी दिली. डेलने आपल्या अल्ट्राशार्प मॉनिटरांसाठी वॉरंटीच्या काळात एकही उजळ पिक्सेल आढळल्यास पडदा बदलून देण्याची योजना ठेवली. मानक बदलायला वर्षे लागतात, पण ग्राहकाला काय टोचते हे ओळखून धोरण उद्यासुद्धा बदलता येते.

तक्रारीतून विज्ञान कसे पुढे सरकते याचे माझ्या आवडीचे उदाहरण बाजूने पाहण्याच्या कोनाचे आहे, आणि त्याचा एक धागा भारतात आहे. टीएन पडद्याकडे खालून पाहिले की चेहरे निगेटिव्हसारखे उलटे दिसत आणि बाजूने पाहिले की रंग पिवळट पडत. १९९० च्या दशकात लॅपटॉप वापरणाऱ्यांची ही कायमची कुरकुर होती. तिला तीन उत्तरे आली. हिताचीने १९९६ मध्ये आयपीएस पडदे बाजारात आणले. त्यांत रेणू काचेला समांतर फिरतात, त्यामुळे कोन बदलला तरी रंग टिकतो. फुजित्सूने व्हीए आणली. त्यात रेणू काचेवर उभे राहतात आणि काळा अधिक गडद मिळतो. तिसरे उत्तर टीएनवरच चिकटवायच्या फिल्मचे होते. फुजीफिल्मने ही फिल्म चकतीच्या आकाराच्या रेणूंपासून बनवली, आणि अशा रेणूंचे द्रवस्फटिक होऊ शकतात हे जगाला १९७७ मध्ये कळले ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतून. शिवरामकृष्ण चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी तो शोध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. तोवर द्रवस्फटिक म्हणजे काडीसारखे लांबट रेणू अशीच समजूत होती. चंद्रशेखरांनी पुढे १९९१ मध्ये बंगळूरला द्रवस्फटिक संशोधनाचे स्वतंत्र केंद्रही उभारले. बाजूने बघताना रंग फिका पडतो म्हणून वैतागलेल्या माणसाला मिळालेल्या उत्तरात बंगळूरच्या प्रयोगशाळेचा वाटा होता, हे आपल्या शाळांतल्या मुलांना सांगितले पाहिजे.

आता पानिपतच्या लालाकडे येऊ. रंगाच्या तक्रारीत निदान तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात आणि त्या सोडवल्याशिवाय कोण चुकले ते कळत नाही.

पहिली गोष्ट रंगांच्या पायऱ्या. खोक्यावर ‘१.६७ कोटी रंग’ असे लिहिलेले असते. खऱ्या आठ बिटांच्या पॅनेलमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ छटा आणि गुणाकार १ कोटी ६७ लाखांवर जातो. पण स्वस्तातल्या अनेक पॅनेलमध्ये प्रत्येक रंगाच्या खऱ्या छटा फक्त ६४ असतात, म्हणजे एकूण २ लाख ६२ हजार रंग. मधल्या छटा भासवण्यासाठी पिक्सेल दोन शेजारच्या छटांमध्ये झपाट्याने आलटून-पालटून फिरतो. पत्र लिहायला किंवा सिनेमा बघायला हे पुरते. रगाच्या नक्षीत गडद लालातून फिक्या गुलाबीत जाणारी छटा काढताना मात्र पडद्यावर पट्टे दिसू लागतात. ते पट्टे डिझाइनमध्ये नसतात, आणि डिझायनर ते काढून टाकण्यात तास घालवतो.

दुसरी गोष्ट रंगांचा पल्ला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हेच सर्वाधिक भांडणांचे मूळ. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एसआरजीबी नावाची मापपट्टी आखली. अमुक आकडा म्हणजे अमुक लाल, पांढरा म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड, असे त्यात ठरले. संगणकावरची बहुतेक चित्रे आजही याच पट्टीवर बेतलेली असतात. पण नव्या मॉनिटरांत सिनेमासाठी आखलेल्या डीसीआय-पी३ पल्ल्याचे पॅनेल येऊ लागले आहेत. त्यांचा शुद्ध लाल एसआरजीबीच्या लालापेक्षा जास्त तीव्र असतो. मॉनिटर एसआरजीबी मोडवर नसेल तर त्याला मिळालेला आकडा तो आपल्या मोठ्या पल्ल्यावर ताणतो आणि विटकरी रंग पेटल्यासारखा दिसतो. असा पडदा वापरणारा डिझायनर डोळ्यांना बरे दिसावे म्हणून रंग उतरवतो, आणि तीच फाइल बायरच्या साध्या पडद्यावर मातकट दिसते. यात दोन्ही पॅनेल निर्दोष आहेत. जास्त महाग पडदा घेतल्यामुळे रंग चुकला, हे ऐकणाऱ्याला पटत नाही, पण घडते असेच.

तिसरी गोष्ट मापणी. दोन रंगांतला फरक मोजायला डेल्टा-ई नावाचे माप आहे. ते एकच्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम जाणवतो. काचेवर ठेवायचे रंगमापक उपकरण पडद्याने दाखवलेला रंग वाचते आणि त्यानुसार दुरुस्तीची नोंद संगणकात बसवते. असे एक उपकरण एखाद्या परत आलेल्या मालाच्या मानाने स्वस्त पडते. कापडाच्या धंद्यात सुतासाठी लाइट बॉक्स घेणाऱ्याने पडद्यासाठी मापक घेऊ नये, याचे मला आश्चर्य आणि थोडे दुःखही वाटते. खोलीतला पिवळा दिवा, खिडकीतून पडद्यावर येणारे ऊन, नवा मॉनिटर सुरू करताना तसाच राहिलेला निळसर ‘व्हिव्हिड’ मोड, या सगळ्यांचा हिशेब मापणीत आपोआप होत नाही. तो माणसालाच करावा लागतो.

पानिपतच्या हवेचेही पडद्याशी नाते आहे. जानेवारीत पहाटे तिथले तापमान पाच अंशांच्या खाली उतरते, मे-जूनमध्ये पारा ४४-४५ वर जातो. थंडीत द्रवस्फटिक घट्ट होतो, रेणू आळसावतात आणि हलत्या चित्रामागे छायेचे शेपूट दिसते. व्हीए पॅनेलमध्ये काळ्याकडून करड्याकडे जाणारा बदल मुळातच संथ असतो, तिथे हे जास्त जाणवते. मॉनिटर अर्धा-पाऊण तास चालला, आतून गरम झाला की शेपूट आखडते. सकाळी नऊला केलेली तक्रार सर्व्हिसचा माणूस दुपारी एकला तपासायला आला तर त्याला काय दिसणार? तक्रारीत वेळ आणि खोलीचे तापमान लिहिले असते तर तोच दोष कारखान्याला उपयोगी माहिती ठरला असता.

अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्याच्या कोपऱ्यांतून फुटणाऱ्या उजेडाचेही तसेच. जागा बदलून, डोके हलवून बघावे. डाग जागच्या जागी तसाच राहिला तर चौकट कुठेतरी दाबली गेली आहे आणि बॅकलाइट गळतो आहे. हा जोडणीचा दोष. डोके हलवल्यावर उजेड सरकला, मागे जाऊन बसल्यावर विरला, तर ती आयपीएसची स्वाभाविक चमक आहे आणि पॅनेल बदलून मिळाले तरी ती राहणार. मोबाइलचा कॅमेरा अंधारात एक्स्पोजर आपोआप वाढवतो, त्यामुळे फोटोत साधी चमकही आगीसारखी दिसते. असे फोटो पाहून अनेक तक्रारी फेटाळल्या जातात, त्यांतल्या खऱ्यासुद्धा.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची एक तक्रार मात्र फारशी कुणी नोंदवतच नाही. २७ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात. इंग्रजी अक्षरे त्यात निभावतात. पण देवनागरीत शिरोरेखेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, पायमोडकी जोडाक्षरे, हे सगळे तेवढ्याच उंचीत बसवायचे असते. ‘र्थी’ आणि ‘र्थीं’ यांतला अनुस्वार दोन पिक्सेलांत विरघळतो. मुद्रितशोधन करणाऱ्याचे डोळे दुखतात ते बऱ्याचदा वयाने नाही, या दाटीने. त्याच आकारात २५६० गुणिले १४४० चा पडदा घेतला तर इंचाला १०९ पिक्सेल मिळतात आणि फोर-केला १६३. मराठी वृत्तपत्रांची पाने लावणाऱ्यांनी, डीटीपी करणाऱ्यांनी इंचांआधी हा आकडा विचारावा. बॅकलाइटशिवाय स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांच्या ओएलईडी मॉनिटरांत आणखी एक गुंता झाला. २०२२ मध्ये आलेल्या क्वांटम डॉट ओएलईडी पडद्यांत तीन रंगठिपके ओळीत नव्हते, त्रिकोणात होते. अक्षरे गुळगुळीत करणारी विंडोजमधली सोय ओळीतल्या लाल-हिरव्या-निळ्याला धरून बनवलेली. परिणामी अक्षरांच्या कडांना गुलाबी-हिरवी झाक येऊ लागली. ग्राहकांनी ती सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या चित्रांसकट दाखवून दिली आणि पुढच्या पिढ्यांत ठिपक्यांचे आकार बदलले गेले. देवनागरीसाठी हीच मेहनत आपल्यालाच करावी लागेल.

तक्रार कारखान्यापर्यंत पोचण्याची वाट आपल्याकडे विशेष लांब आहे. मॉनिटरवर नाव एका कंपनीचे, पण आतली काच बीओई, एयूओ, इनोलक्स, सीएसओटी, एलजी डिस्प्ले अशा मोजक्या कारखान्यांतली असते. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या महिन्यांत वेगळ्या कारखान्याची काच बसलेली असू शकते. म्हणून एकाच दिवशी घेतलेल्या दोन मॉनिटरांचे पांढरेही जुळत नाहीत. भारतात ही काच बनवणारा मोठा कारखाना अजून नाही. बाहेरून आलेल्या ‘ओपन सेल’ला, म्हणजे बॅकलाइट नसलेल्या काचेच्या जोडीला, इथे दिवा, चौकट आणि विद्युत पट्टी जोडली जाते. पानिपत ज्या राजधानी क्षेत्रात येते तिथेच नोएडा आणि ग्रेटर नोएडाचे कारखाने आहेत. सॅमसंगचा चीनमधला डिस्प्लेचा उद्योग नोएडात हलवण्याच्या ४,८२५ कोटी रुपयांच्या प्रस्तावाला उत्तर प्रदेश सरकारने डिसेंबर २०२० मध्ये सवलती मंजूर केल्या. एलजीचा एक कारखाना ग्रेटर नोएडात, दुसरा पुण्याजवळ रांजणगावला.

महाराष्ट्राच्या वाट्याला या धंद्यातल्या आशा आणि हुकलेल्या संधी दोन्ही आल्या. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये थॉमसनचा जगभरातला पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला, आणि त्याच सुमारास ग्राहक सपाट पडद्याकडे वळले. तळेगावला होण्याची चर्चा झालेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातकडे गेला. त्याच्या १.५४ लाख कोटी रुपयांच्या आराखड्यात डिस्प्लेच्या कारखान्याचा मोठा हिस्सा होता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. काच इथे बनत नाही तोवर पानिपतच्या डिझायनरची तक्रार डीलर, ब्रँड, जोडणी कारखाना आणि परदेशातली काच असे चार उंबरे ओलांडते. प्रत्येक उंबऱ्यावर तिच्यातला तपशील झडतो. शेवटी पोचतो तो ‘रंग बरोबर नाही’ एवढाच शेरा.

तरीही चांगला प्रतिसाद कसा असतो याची उदाहरणे आहेत. ओएलईडी पडद्यावर एकच चित्र फार काळ राहिले की त्याचा वण कायमचा बसतो. ही भीती ग्राहक बोलून दाखवत होते, तेव्हा २०२२ मध्ये डेलने आपल्या एलियनवेअर मॉनिटरवर अशा वणासाठी तीन वर्षांची वॉरंटी दिली. २०२४ मध्ये एमएसआय आणि आसूस यांनीही तेवढीच मुदत दिली. त्याच डेलच्या पहिल्या मॉडेलचे फर्मवेअर ग्राहकाला घरी बदलता येत नव्हते, पुढच्या मॉडेलमध्ये यूएसबीने बदलण्याची सोय झाली. वेसा या संस्थेने २०१७ मध्ये डिस्प्ले-एचडीआरची प्रमाणपत्रे सुरू केली. सर्वात खालची ४०० ची पायरी फार सैल आहे, अशी टीका सतत झाली, आणि मे २०२४ मध्ये संस्थेने चाचण्या कडक केल्या. यांतल्या अनेक ठिकाणी तक्रार करणाऱ्यांनी मोजमाप दिले होते, नुसता राग नव्हे.

मॉनिटरच्या मागे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो विजेच्या सुरक्षेची ग्वाही देतो. रंगाची किंवा ठिपक्यांची नाही. चित्राच्या गुणवत्तेसाठी भांडायचे तर आधार आहे ग्राहक संरक्षण कायद्याचा. या चळवळीचे मराठी मूळ विसरता येत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि संसदेचा पहिला कायदा आला १९८६ मध्ये. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा लावण्याची मुभा दिली, मग विक्रेता कुठलाही असो. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येते. पाच लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्क नाही.

तक्रारीत बिलाची प्रत, मॉडेल, सिरियल क्रमांक आणि मागच्या पट्टीवरचा निर्मितीचा महिना हवा. केबल कुठली, रिफ्रेश रेट किती, कुठला रंगमोड, मॉनिटर किती वेळ चालू होता, खोली किती थंड होती, हेही लिहावे. खराब ठिपका असेल तर लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण पडदे लावून तो कशावर दिसतो आणि डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते सांगावे. उजेड फुटत असेल तर एक्स्पोजर बांधून घेतलेले फोटो, समोरून आणि बाजूने. रंगाची तक्रार असेल तर मापकाचा अहवाल. हा मजकूर अर्ध्या पानात मावतो. असे अर्धे पान हातात आले की सर्व्हिस सेंटरला ‘दोष आढळला नाही’ लिहिणे अवघड जाते आणि ब्रँडच्या अभियंत्याला त्याच महिन्याच्या बाकीच्या काचा तपासाव्याशा वाटतात.

पानिपतच्या डिझायनरने कायद्यातली एक मेख आधीच पाहून ठेवावी. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. अपवाद आहे तो केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्याचा. घरी बसून तीन-चार निर्यातदारांसाठी रगांच्या नक्ष्या काढणारा माणूस या अपवादात येऊ शकतो. शंभर माग असलेली कंपनी येणे कठीण. म्हणून पहिल्याने मॉनिटरचे बिल स्वतःच्या नावाने घ्यावे. दुसरीने खरेदी करतानाच पुरवठादाराकडून पिक्सेलदोषांचा वर्ग, एसआरजीबी मोड आणि डेल्टा-ईची मर्यादा ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्यावी, जशी ती डाय हाउसकडून लॅब डिपची मान्यता लिहून घेते.